वर्गात फिट आली तर

प्रश्न : ताई, मी दारव्हा तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत आहे. चौथीतल्या एका मुलीला मिरगी आहे. मागच्या महिन्यात फळ्यासमोरच फिट आली. कुणी नाकाला चप्पल लावली, कुणी दातात चमचा घालायला धावलं. तेव्हापासून आई तिला घरी ठेवून कापूस वेचायला जाते. काही पालक म्हणतात, ही पोरगी शाळेत नकोच. काय करू?

उत्तर : मॅडम, सांजेला आई वावरातून आली की घरी जा. पोरगी दिवसभर घरी एकटी असते, जवळ चूल आणि पाण्याचं टाकं. शाळेत निदान चार माणसं तरी असतात, हे आईला सांगा. गोळीचंही विचारा. ‘बरं वाटते म्हणून बंद केली’ हे वाक्य आरोग्य केंद्रात मी नोकरीभर ऐकलं. गोळी चुकली, किंवा दुर्गोत्सवात मंडपात जागरण झालं, की फिट येऊ शकते.

वर्गात फिट आली की पहिल्यांदा घड्याळ बघा. दप्तरं, बाकडी दूर सारा, डोक्याखाली दुपट्टा द्या, गळ्याचं बटण सोडा, कुशीवर वळवा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, पाणी, बोट काहीच नको. फिट बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि नाव चप्पलचं होते! पाच मिनिटं होऊनही थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येताच दुसरी आली, तर १०८ लावा.

पोरांना कामं आधीच वाटून द्या : एकानं शेजारच्या वर्गातल्या सरांना बोलवायचं, दुसऱ्यानं बाकीच्यांना बाहेर न्यायचं. फिटमध्ये कधी कपड्यात लघवी होते. पोरींना त्या झटक्यापेक्षा याचीच लाज जास्त वाटते, म्हणून कपाटात तिचा एक जोड ठेवा. नंतर तिला झोप येईल, झोपू द्या. खिचडीच्या चुलीजवळ आणि विहिरीवर मात्र तिला एकटी पाठवू नका.

पालकांना सांगा, मिरगी एकाची दुसऱ्याला लागत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे आठवी होईपर्यंत तिला शाळेतून काढता येत नाही. हे पालक सभेत हेडसरांच्या तोंडून आलेलं बरं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल तेव्हा तिला आवर्जून दाखवा. एका वहीत तारीख, फिट किती वेळ चालली, सुरुवात कोणत्या हातापासून झाली, हे लिहीत जा. जमलं तर कुणाला तरी मोबाईलवर चित्रण करायला सांगा, पण ते फक्त डॉक्टरांसाठी. शाळेच्या ग्रुपवर टाकू नका.