बाबांचं लॉगबुक

प्रश्न : सर, माझे वडील तुमच्यासारखेच हवाई दलात हेलिकॉप्टर पायलट होते. गेल्या श्रावणात ते गेले. वर्षश्राद्धाला नातेवाइकांना देण्यासाठी त्यांच्यावर छोटी पुस्तिका काढायचं आम्ही ठरवलंय. 1986 ते 1988 ते लेहला होते, आम्ही आईबरोबर मिरजेत. घरी ते फ्लाइंगबद्दल अवाक्षर काढत नसत. उतारावर स्कूटरचं इंजिन बंद करायचं आणि 'ऑटोरोटेशन!' म्हणून ओरडायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. आता त्यांची लॉगबुकं, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवह्या, सापडली आहेत, पण 'एएम', 'कॅसेवॅक' असलं काही उमगत नाही. धाकट्या भावाला 'सियाचीनचा शूरवीर' असं शीर्षक हवंय आणि त्यांनी किती जवानांचे प्राण वाचवले तो आकडाही. मला मात्र माझ्या वेण्या घालणारे, सहलीच्या आदल्या रात्री दप्तर उलटं करून तपासणारे बाबा लिहायचे आहेत. कुणाचं ऐकावं?
— एक वाचक, मिरज

उत्तर : स्कूटरपासूनच सुरुवात करतो, कारण लॉगबुकाची किल्ली तिथेच आहे. हेलिकॉप्टरचं इंजिन हवेत बंद पडलं तर पायलट डाव्या हातातला कलेक्टिव्हचा, म्हणजे पंख्याच्या पात्यांचा कोन बदलणारा, दांडा लगेच खाली दाबतो. मग खालून वर येणारी हवाच पंखा फिरता ठेवते, आणि जमिनीजवळ आल्यावर त्या फिरण्यातला जोर वापरून अलगद टेकता येतं. हे ऑटोरोटेशन. हैदराबादजवळ हकीमपेटला चेतक हेलिकॉप्टरवर शिकताना आमच्याकडून ते इतकं घोटून घेतलं जायचं, की झोपेतही डावा हात खाली जावा. तुमचे बाबा लेहला चीता उडवत असणार, म्हणजे लामा हे फ्रेंच हेलिकॉप्टर, आपल्या एचएएलने (हिंदुस्तान एरोनॉटिक्सने) इथे बनवलेलं. 21 जून 1972 रोजी जाँ बुले या फ्रेंच वैमानिकाने लामा 12,442 मीटरपर्यंत नेलं आणि वर इंजिन बंद पडल्यावर तिथून ऑटोरोटेशन करत खाली आणलं. स्कूटरवर ओरडताना बाबांच्या डोक्यात हे असेलच असं नाही, पण असतं तर मला नवल वाटणार नाही.

'एएम' म्हणजे एअर मेंटेनन्स. रॉकेल, रेशन, टपाल सियाचीनच्या वरच्या चौक्यांवर पोचवणं. लॉगबुकात तुम्हाला तारीख, यंत्राचा नंबर, सोबतच्या पायलटचं नाव, पुढे 'एएम' आणि तासाभराचा आकडा एवढंच दिसेल. पानंच्या पानं तशीच. भाऊ त्यांना कंटाळवाणी म्हणेल. मी म्हणेन, पुस्तिकेतली सर्वात मोठी गोष्ट तीच. वीस हजार फुटांवर हवा इतकी विरळ असते की पंख्याला धरायला काही मिळत नाही आणि इंजिनाचाही दम जातो. सर्वात उंच चौक्यांवर एका खेपेत रॉकेलचा एखादा जेरीकॅन गेला तरी पुष्कळ. ऊन चढलं की हवा आणखी पातळ होते, वारा उठतो, म्हणून उजाडताच निघायचं. दोन हेलिकॉप्टरं जोडीने, म्हणजे एकाला काही झालं तर दुसऱ्याला ठाऊक असतं कुठे शोधायचं. चौकीवर बर्फ तुडवून केलेल्या पाटाएवढ्या जागेवर टेकायचं, पंखा फिरताच ठेवायचा, जवानांनी सामान ओढून घेतलं की निघायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

'कॅसेवॅक' म्हणजे आजारी किंवा जखमी जवानाला खाली आणणं. हिमदंश, किंवा उंचीमुळे फुप्फुसात पाणी भरणं. या दुसऱ्या दुखण्यावर पहिला इलाज म्हणजे माणसाला लवकरात लवकर खाली नेणं. पण नोंद एवढंच सांगते की कुणाला तरी आणलं. तो जगला का, ते लॉगबुकात नसतं. म्हणून भावाचा आकडा छापू नका. शिवाय चीतात शेजारी दुसरा पायलट असतो, आणि लेहच्या थंडीत बोटं बधिर होईपर्यंत रात्री स्पॅनर चालवलेल्या टेक्निशियन लोकांशिवाय एकही चीता सकाळी उडत नाही. पुस्तिकेत कुठे 'एकट्याने' हा शब्द आला, तर तो खोडा.

जून 1987ची पानं मात्र नीट बघा. त्या महिन्यात सियाचीनवर सुमारे 21,000 फुटांवरची, पाकिस्तानच्या ताब्यातली कायद चौकी आपल्या जवानांनी घेतली. नायब सुभेदार बाना सिंग यांना त्यासाठी परमवीर चक्र मिळालं. त्या चढाईसाठी माणसं आणि सामान चीतांनी वर नेलं होतं. बाबांच्या तारखा जुळल्या तर भावाला त्याची शौर्यकथा मिळेल. नाही जुळल्या, तर ओढून जुळवू नका. आम्हा पायलट लोकांना अशी थाप पहिल्या परिच्छेदात कळते.

'शूरवीर' शब्दाला माझा विरोध नाही, पण तो शीर्षकात दिसला की नातेवाईक पुस्तिका डोळ्यांना लावून कपाटात ठेवतात. दप्तर तपासणारा बाप मात्र लोक वाचतील. उडण्याआधी आम्ही यंत्राभोवती ठरलेल्या जागेपासून फिरतो, प्रत्येक झाकण, प्रत्येक नट हाताने चाचपतो. तोच माणूस घरी कंपासपेटी उघडून बघतो. (मी अजून गॅसचा रेग्युलेटर दोनदा बघतो. घरात याला आजार म्हणतात.) वेण्यांचं श्रेय मात्र हवाई दलाला देऊ नका. त्या ते सुट्टीत, तुमच्या आईकडून शिकले असणार.

आणि ती दोन वर्षं ते घरी नव्हते, हेही लिहा. तेव्हा तापात उशाशी कोण बसलं, प्रगतीपुस्तकावर सही कोणी केली? त्या पानांवर आईचा हक्क आहे.

घरात 56 एपीओचा, म्हणजे सैन्याच्या टपाल कार्यालयाचा, शिक्का असलेली इनलँड पत्रं असतील. ती तारखेने लावा आणि शेजारी लॉगबुक उघडा. माझ्या लॉगबुकात एका सकाळी कॅसेवॅक आहे, वारा इतका की परतताना दोघेही बोलत नव्हतो. त्याच तारखेच्या पत्रात मी मुलीला सायकलच्या चेनला तेल घालायला बजावलंय, हवेबद्दल 'छान ऊन पडलंय' एवढंच. तुमच्याकडे असा एक जरी दिवस सापडला, तरी तुमची पुस्तिका आणि भावाची पुस्तिका वेगळ्या राहणार नाहीत. ते पत्र आणि लॉगबुकाचं ते पान समोरासमोर छापा, खाली मराठीत अर्थ द्या.

मूळ लॉगबुकं लॅमिनेट करू नका. फोटो काढा आणि सुती कापडात गुंडाळून ठेवा. सोबतच्या पायलटच्या रकान्यात जी नावं वारंवार येतात, त्यांचा पत्ता काढून फोन करा. ते आता सत्तरीकडे आले असतील, तेव्हा छपाईची वाट न बघता याच महिन्यात. आणि फोन सकाळी लवकर करा, आमच्यातले बहुतेक अजूनही चारला उठतात.