मांजरीच्या पिल्लाच्या कानात काळी भुकटी साचतेय आणि ते सारखं कान खाजवतंय. गोचीड असतील का? घरच्या घरी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की पिल्लू तीन महिन्यांचं आहे, इंदिरानगरला सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलं, रात्रभर कान खाजवतं आणि आता घरातला लॅब्रॅडॉरही डोकं झटकायला लागलाय. एवढं वाचून माझा संशय थेट कानातल्या माइट्सवर जातो. गोचीड नव्हे. गोचीड डोळ्यांना सरळ दिसते, बोटाला लागते. हे माइट्स म्हणजे कोळ्यांच्या कुळातले किडे, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. ते कानातच राहतात, तिथेच अंडी घालतात. तुम्हाला दिसते ती त्यांची घाण, कानातला मळ आणि सुकलेलं रक्त यांची मिसळ.

आमची चिंगी अशीच आली होती, ऐन पावसाळ्यात, पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्याच्या जिन्याखाली. कानात पाहिलं तर चहा गाळल्यावर गाळणीत उरतो तसला चोथा. आई म्हणाली, खोबरेल तेल कोमट करून घाल. घातलं. मळ मऊ होऊन बाहेर आला, चिंगी दोन दिवस शांत झोपली आणि मी स्वतःवर खूश. पाचव्या दिवशी खाजवून खाजवून कानामागे रक्त काढलं तिने. तेलात काही किडे गुदमरतात, अंड्यांना मात्र ढिम्म काही होत नाही.

मग मी दुसरा शहाणपणा करायला निघाले. एका दुकानात औषध मागितलं, तर त्यांनी कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मानेवर सोडायचे थेंब हातात ठेवले. 'थोडंसंच लावा, मांजराला पण चालतं.' घरी येऊन चष्मा लावून पाकीट वाचलं तर त्यात परमेथ्रिन! ते मांजरांना विषारी असतं, अंग थरथरतं, झटके येतात, जीवही जातो. तेवढं एक वाक्य लक्षात ठेवा, बाकीचं उत्तर विसरलात तरी चालेल. कुत्र्याचं औषध मांजराला नाही, अगदी थेंबभरही नाही.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कापसाच्या काडीवर थोडा मळ घेतला, जुन्या एक्स-रेच्या काळ्या फिल्मवर झटकला आणि टेबलावरच्या दिव्याखाली धरला. खसखशीहून बारीक पांढरे ठिपके, आणि त्यातले दोन-तीन चक्क चालत होते! मी आजवर त्या काळ्या चोथ्याकडेच बघत बसले होते. काळा कागद घेऊन हे तुम्हालाही घरी करता येईल, सोबत भिंग असेल तर उत्तमच. फक्त काडी कानाच्या तोंडाशीच फिरवा. मांजराच्या कानाची नळी आत जाऊन वळते, काडी खुपसली की मळ आणखी आत ढकलला जातो. ठिपके हलताना दिसले नाहीत म्हणून किडे नाहीतच असं मात्र समजू नका.

डॉक्टरांकडे जाणं टाळू नका, कारण काळा मळ म्हणजे दरवेळी माइट्स नसतात. मोठ्या कुत्र्यांत तर यीस्टचा किंवा जिवाणूंचा संसर्गच जास्त दिसतो. त्याला आंबूस, कुबट वास येतो आणि त्याचं औषध वेगळं. शिवाय पडद्याला भोक पडलेलं असेल तर कानात थेंब घालणंच धोक्याचं. ते आतून बघितल्याशिवाय कळत नाही.

उपचार तसा सोपा आहे. कान साफ करतात, मग मानेवर सोडायचं औषध देतात. त्यात सेलामेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिन असतं, मात्रा वजनावर ठरते, बहुतेक वेळा महिन्याने पुन्हा एकदा देतात. कानात घालायचे थेंब दिले तर ते सांगितलेल्या दिवसांपर्यंत घाला. अंड्यापासून पूर्ण वाढलेला किडा व्हायला साधारण 3 आठवडे लागतात, त्यामुळे आठवड्यात खाज थांबली म्हणून थेंब बंद केले की आत राहिलेली अंडी पुन्हा घर मांडतात. मी नेमकं तेच केलं होतं.

आणि दुसरी चूक म्हणजे आमचा कुत्रा मोती. तो कान खाजवत नव्हता म्हणून त्याला सोडून दिलं. चिंगी बरी झाली, मोतीच्या कुशीत झोपली, महिन्याभरात परत तोच चोथा. घरात जेवढी कुत्री-मांजरं, तेवढ्यांना एकाच वेळी औषध. अंथरुणं गरम पाण्यात धुवा, कारण हे किडे अंगाबाहेरही काही दिवस तग धरतात.

माणसांना होतं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण घरातलं कोणीतरी विचारेलच. सहसा नाही, क्वचित हातावर तात्पुरती खाज येते. रॉबर्ट लोपेझ नावाच्या अमेरिकन पशुवैद्याने मात्र मांजरीचे माइट्स मुद्दाम स्वतःच्या कानात घालून पाहिले आणि त्याला 1994 मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा गमतीदार पुरस्कार, मिळाला. किडे चालतानाचा आवाजसुद्धा त्याला ऐकू येत होता म्हणे. ते वाचल्यापासून चिंगीवर चिडणं मी बंद केलं.

पिल्लाची मान एका बाजूला कलत असेल, ते गोल गोल फिरत असेल किंवा कानाची पाळी पुरीसारखी फुगली असेल तर आजच न्या. ती फूग म्हणजे खाजवल्याने आत साचलेलं रक्त, ते सुई टोचून घरी काढायचं नसतं. नाहीतर या रविवारपर्यंत थांबलात तरी चालेल, पण लॅब्रॅडॉरला बरोबर घ्या. आणि पिल्लू झाकणाच्या टोपलीतच न्या. मी चिंगीला ओढणीत गुंडाळून रिक्षात बसले होते, तर मालेगाव स्टँडच्या गर्दीत तिने उडी मारली आणि अर्धा तास मी हातगाड्यांखाली वाकून वाकून तिला शोधत होते.