यकृतकृमीवर तोंडी लस करू पाहणाऱ्या तरुण संशोधकास

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

क्लोनॉर्किस सायनेन्सिस या यकृतकृमीवर बॅसिलस सबटिलिस या जिवाणूच्या बीजाणूंमधून तोंडी लस करायचं ठरवलंस, हे वाचून मनापासून आनंद झाला. दक्षिण चीनमधले ग्वांगडोंग आणि ग्वांग्शी, चीनचे ईशान्येकडचे प्रांत, कोरिया, उत्तर व्हिएतनाम आणि रशियाचा अतिपूर्व भाग मिळून दीड कोटीच्या आसपास माणसांच्या पित्तनलिकांत हा कृमी आहे. २००९ साली तो माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्यांच्या यादीत गेला. प्राझिक्वांटेल या औषधाने कृमी मरतात, पण नदी-तळ्यातला कच्चा मासा पुन्हा खाल्ला की पुन्हा येतात. म्हणजे नैसर्गिक संसर्गातून माणसाला टिकाऊ संरक्षण मिळत नाही. तुझ्या लसीला निसर्गापेक्षा सरस ठरायचं आहे, आणि तिचा कस प्रतिपिंडांच्या आलेखावर नाही, यकृतातून काढलेल्या कृमींच्या संख्येवर लागणार आहे.

लढाई कुठे होते ते आधी नीट समजून घे. माशाच्या स्नायूतला मेटासर्केरिया, म्हणजे कृमीची कवचात बंद असलेली पिल्लाची अवस्था, पोटात जातो, त्याचं कवच लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात फुटतं आणि बाहेर आलेलं पिल्लू पित्ताच्या ओढीने काही तासांतच पित्तनलिकेत शिरतं. ते आतड्याची भिंत फोडत नाही, रक्तात जात नाही. डुकरांमधल्या टीनिया सोलियम या पट्टकृमीवर टोचायची टीएसओएल१८ लस इतकी परिणामकारक ठरली, कारण त्या कृमीचा भ्रूण आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे स्नायूत जातो आणि वाटेत रक्तातले प्रतिपिंड त्याला गाठतात. ती लस आपल्याकडे हैदराबादमध्ये तयार होते, म्हणून तोच नमुना गिरवायचा मोह होईल. पण यकृतकृमीला अडवायला आतड्याच्या अस्तरावरचं आणि पित्तातलं आयजीए, म्हणजे शरीराच्या ओल्या अस्तरांवर स्रवणारं प्रतिपिंड, हवं. तोंडी लसीचा आग्रह त्यासाठीच आहे. सुई टळते ही वरची सोय.

प्रतिजन म्हणून, म्हणजे ज्याच्याविरुद्ध प्रतिकार घडवायचा तो घटक म्हणून, कृमीच्या बाह्यावरणातली प्रथिनं, सिस्टीन प्रोटिएज, एनोलेज, पॅरामायोसिन असे पर्याय वापरून झाले आहेत. त्या पिल्लाच्या अवस्थेत जे तयार होतं आणि पृष्ठभागावर किंवा स्रावात सापडतं तेच निवड. प्रौढ कृमीत मुबलक असलेलं प्रथिन पिल्लात नसेल तर उपयोग नाही.

आता बांधणी. कॉटबी किंवा कॉटसी या बीजाणूच्या आवरणातल्या प्रथिनाला प्रतिजनाचा जनुक जोडून तो एएमवायई या जागी गुणसूत्रात बसव. प्लास्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या वलयावर, ठेवलास तर प्रतिजैविकाचा दाब नसताना पिढ्यांगणिक गळून जातो. जनुक योग्य जागी बसला की जिवाणूची स्टार्च पचवायची क्षमता जाते. स्टार्चच्या प्लेटवर आयोडीन ओतल्यावर वसाहतीभोवती पांढरं वलय दिसलं नाही, तर काम झालं.

बीजाणू करण्यासाठी एक लिटर माध्यमाला न्यूट्रियंट ब्रॉथ ८ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट ०.१२ ग्रॅम घे, पीएच ७.६ कर. आटोक्लेव्ह करून थंड झाल्यावरच निर्जंतुक कॅल्शियम नायट्रेट १ मिलिमोलर, मँगनीज क्लोराइड १० मायक्रोमोलर आणि फेरस सल्फेट १ मायक्रोमोलर घाल. आधी घातलेस तर तापमानाने गाळ बसतो. मँगनीज राहून गेलं तर बीजाणू नीट तयारच होत नाहीत. ३७ अंशांवर, हवा भरपूर मिळेल अशा हलत्या फ्लास्कमध्ये, वाढ थांबल्यानंतर साधारण २४ तास ठेव. फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक बीजाणू तेजस्वी आणि मोकळे दिसल्याशिवाय काढू नकोस. मग लायसोझाइम, त्यानंतर १ मोलर सोडियम क्लोराइड, १ मोलर पोटॅशियम क्लोराइड आणि पाणी यांनी धुणं. उरलेल्या जिवंत पेशी मारायला ६८ अंशांवर एक तास. धुताना प्रोटिएज रोखणारं पीएमएसएफ विसरलास तर तुटलेल्या पेशींतले प्रोटिएज तुझाच प्रतिजन खाऊन टाकतील.

आवरणातली प्रथिनं एसडीएस आणि डीटीटी घालून ६५ अंशांवर काढ, वेस्टर्न ब्लॉट कर, म्हणजे प्रतिपिंड लावून हवं ते प्रथिन पट्ट्याच्या रूपात ओळख. जोडप्रथिन तिथे दिसलं तरी ते बाहेरच्या बाजूला आहे हे सिद्ध होत नाही. त्यासाठी अख्ख्या बीजाणूंवर प्रतिदीप्त प्रतिपिंड लावून फ्लो सायटोमेट्री, म्हणजे एकेका बीजाणूची चमक मोजणारी चाचणी, हवी.

इथे जरा थांबून हिशेब कर. कॉटबीला जोडलेल्या प्रथिनाचे एका बीजाणूवर दीडएक हजार रेणू बसतात. एका डोसमध्ये १,००० कोटी बीजाणू दिलेस, तर २२ किलोडाल्टनचा प्रतिजन भरतो जेमतेम अर्धा मायक्रोग्रॅम. तोंडी लसीसाठी हे फार थोडं आहे. त्यातलं पोटात किती टिकतं हा प्रश्न त्याहून मोठा. ‘बीजाणू आम्लात टिकतो’ हे वाक्य तुला सगळीकडे वाचायला मिळेल आणि ते खरं आहे, पण बीजाणू टिकला म्हणजे त्याच्या अंगावरचा प्रतिजन टिकला असं नाही. पीएच २ ला आणलेल्या, मिलिलिटरमागे १ मिलिग्रॅम पेप्सिन असलेल्या द्रावणात बीजाणू ३७ अंशांवर ठेव. ०, १५, ३० आणि ६० मिनिटांना नमुने काढून ब्लॉट कर. ही चाचणी एका आठवड्यात होते आणि प्राण्यांवरचे कित्येक महिने वाचवते. पट्टा पंधरा मिनिटांत पुसट झाला तर प्राण्यांकडे वळू नकोस. जोडणीची जागा किंवा आवरणातलं प्रथिन बदल.

प्राण्याला डोस नळीने थेट जठरात, सलग तीन दिवस, आणि असे तीन फेरे तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने: १-२-३, २२-२३-२४, ४३-४४-४५ हे दिवस रूढ आहेत. रोज थोडं थोडं चारत राहिलं तर शरीर त्या प्रतिजनाला अन्नासारखं सोसायला शिकतं, आणि प्रतिसाद वाढण्याऐवजी दबतो.

गट चार हवेत: नुसतं बफर, मूळ जातीचे बीजाणू, जनुक नसलेली रिकामी बांधणी असलेले बीजाणू आणि लस. शेवटच्या तिन्ही गटांत बीजाणूंची संख्या एकच ठेव. बीजाणू स्वतःच प्रतिकारशक्तीला चेतवतात. मधले दोन गट नसले तर कृमी कमी झाले ते तुझ्या प्रतिजनामुळे की कुठल्याही बीजाणूमुळे, हे सांगता येणार नाही. आयजीएसाठी ताजी विष्ठा घे, ०.१ ग्रॅमला १ मिलिलिटर बफर, पीएमएसएफसह, आणि आकडा एकूण आयजीएच्या प्रमाणात मांड. नाहीतर पातळ आणि घट्ट विष्ठेतला फरकच तू मोजत बसशील.

संसर्गासाठी मेटासर्केरिया स्यूडोरास्बोरा या छोट्या माशांतून काढतात. मासा वाटून पेप्सिन आणि हायड्रोक्लोरिक आम्लात ३७ अंशांवर पचवायचा, चाळायचा, गाळ सलाइनने निवळेपर्यंत धुवायचा. त्याच माशात इतर कृमींचे मेटासर्केरियाही असतात. क्लोनॉर्किसचा लांबट गोल, मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या भागाएवढा, आत दोन शोषकं आणि गडद कणांनी भरलेली उत्सर्गपिशवी असलेला असतो. एकेक ओळखून प्रत्येक प्राण्याला ५० मोजून दे. हे जिवंत मेटासर्केरिया तुलाही बाधतात, म्हणून हातमोजे घाल, तोंडाने पिपेट ओढू नकोस आणि उरलेला सगळा गाळ उकळून टाक.

प्राणी निवडताना सावध राहा. बहुतेक प्रयोग रॅटवर झाले आहेत आणि तिथे कृमी साधारण ४० ते ६० टक्के कमी झाल्याचे निष्कर्ष आहेत. पण रॅट एका संसर्गानंतर दुसऱ्या संसर्गाला स्वतःच चांगला प्रतिकार करतो. माणूस तसा करत नाही. मुळातच तापलेल्या तव्यावर भाजलेल्या भाकरीवरून चुलीची धग मोजू नकोस. हॅमस्टरमध्येही करून पाहा. सहा आठवड्यांनी कृमी काढताना यकृताच्या पित्तनलिका दाबून काढ. रॅटला पित्ताशय नसतं, हॅमस्टरला असतं, तेही उघड. खुरटे, न वाढलेले कृमी नजरेतून सुटतात, म्हणून स्टिरिओ मायक्रोस्कोप हवाच, आणि मोजणाऱ्याला गट माहीत नसावा.

एका प्राण्यात पाच आणि शेजारच्यात तीस कृमी निघणं अगदी सामान्य आहे. समज, बफरच्या गटात सरासरी २० आणि विचलन ८ असेल, तर ४० टक्के घट खात्रीने दिसायला प्रत्येक गटात सोळाच्या आसपास प्राणी लागतात. सहांच्या गटावर निघालेला सुंदर आकडा पुढच्या खेपेला नाहीसा होतो. प्राणी आचारसमितीला हाच हिशेब दाखव. कमी प्राणी वापरून निष्कर्ष न निघणं ही त्या प्राण्यांचीच नासाडी आहे.

माणसापर्यंत जायला खूप अवकाश आहे, आणि बांधणी बसलेले जिवाणू निवडता यावेत म्हणून जोडलेला, क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाला दाद न देणारा जनुक असलेला जिवाणू प्रयोगशाळेबाहेर नेता येणारच नाही. जनुक थायए आणि थायबी या जागांवर बसवले तर जिवाणू बाहेरून थायमिन (डीएनएचा घटक, जीवनसत्त्व नव्हे) मिळाल्याशिवाय वाढत नाही आणि प्रतिजैविकाचा जनुकही लागत नाही. हे पहिल्याच बांधणीत करून टाक, नंतर सगळं पुन्हा करावं लागतं.

मला स्वतःला या कामाचा सर्वांत आशादायक भाग माशांची लस वाटतो. ग्रास कार्पच्या खाद्यात हेच बीजाणू मिसळून माशातले मेटासर्केरिया कमी करण्याचे प्रयोग झाले आहेत. बीजाणू खाद्याच्या गोळ्या करतानाची उष्णता सोसतात आणि तळ्यातल्या प्रत्येक माशाला टोचत बसावं लागत नाही. अडचण अशी की सर्केरिया, म्हणजे गोगलगायीतून सुटणारी कृमीची पोहणारी अवस्था, माशाच्या कातडीतून शिरतो, तेव्हा तिथे आतड्याबरोबर कातडीवरच्या श्लेष्मातले प्रतिपिंडही मोजावे लागतील. शिवाय माशाची प्रतिकारशक्ती पाण्याच्या तापमानावर चालते; थंडीत दिलेली लस फारसं काही करत नाही. पाणी तापल्यावर, गोगलगायींतून सर्केरिया सुटायला लागण्याच्या काही आठवडे आधी खाद्य सुरू होईल असं वेळापत्रक आख.

पेप्सिनच्या चाचणीचे ब्लॉट हाती आले की चारही वेळांचे पट्टे एकाच चित्रात घेऊन पाठव.

सप्रेम