तीन माणसं मागे बसली की ठकठक

प्रश्न : आमच्याकडे बाबांची १९७४ची मार्क-२ अ‍ॅम्बेसिडर आहे. दर रविवारी घरापासून फुटाळ्यापर्यंत जाऊन यायचं, एवढंच तिचं काम. दिवाळीच्या सुमारास तिचा टेलपाइप गंजून अर्धा गळून पडला. कामठी रोडच्या दुकानातून तयार पाइप आणला आणि मी नि भावाने अंगणात गाडी मागून जॅकवर उचलून बसवला. एक्सलच्या, म्हणजे मागची चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, वरून छान चार बोटं जागा सुटली होती. आता एकटी गाडी चालवते तेव्हा काही नाही, पण आई, मावशी आणि काकू मागे बसल्या की प्रत्येक स्पीडब्रेकरला खालून ठक्क! गॅरेजवाला म्हणतो, पाइपच चुकीचा आहे, कापून वेल्डिंग मारतो. मारू द्यावं का?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : नको ताई. वेल्डिंगवाल्याला चहा पाजा आणि परत पाठवा. पाइप बहुतेक बरोबरच आहे, तो बसवताना गाडी हवेत होती तिथे गडबड झाली.

तुम्ही जॅक बॉडीला लावला असणार. बॉडी वर गेली, चाकं आणि एक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर खाली लोंबले. त्या लोंबत्या एक्सलवर चार बोटं जागा दिसली, ती खरी नव्हेच. गाडी जमिनीवर आली की एक्सल वर सरकतो, तीन बाया मागे बसल्या की आणखी सरकतो आणि वरून स्पीडब्रेकर. मीही हे करून बसलोय. एका लग्नाला निघताना घाईत जॅकवरच क्लॅम्प आवळले, मागे तीन मावशा, कळमेश्वर येईपर्यंत काटोल रोडभर ठकठक. मावशी म्हणाली, "काहून रे, कोणी खालून दार वाजवते का?"

आता काम असं करा. बॉडीखाली नव्हे, एक्सलच्या दोन्ही बाजूंना, नळीखाली घोड्या, म्हणजे लोखंडी स्टँड, लावा, म्हणजे गाडीचा भार पाट्यांवर राहील. पुढच्या चाकांना विटा. डिकीत आणि मागच्या सीटवर सिमेंटची किंवा रेतीची तीन-चार पोती ठेवा. माणसं बसवू नका, गाडीखाली कोणी असताना वर माणूस नको. मग पुढून मागपर्यंत सगळे क्लॅम्प आणि पाइप टांगायची रबरं ढिली करा. टेलपाइप सायलेन्सरच्या तोंडात थोडा फिरवला तरी वरचा बाक एक्सलपासून सरकतो. दीड-दोन इंच पाइप एकात एक गेलेला हवा, त्यापेक्षा कमी असेल तर गळणार. सगळं जागेवर आलं की पुढून, म्हणजे इंजिनाकडून, आवळत मागे या. मागून सुरुवात केलीत तर सगळा ताण मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर काढणाऱ्या नळ्यांच्या, गॅस्केटवर जातो.

किती जागा पुरे? बॉडीला एक्सलच्या वर रबरी ठोकळा असतो. एक्सल त्याला आधी टेकला पाहिजे, पाइपला नव्हे. तरी शंका असेल तर घरातली कणीक घ्या. घट्ट भिजवून लाडवाएवढा गोळा एक्सलच्या माथ्यावर, बरोबर पाइपाखाली चिकटवा. गाडी थंड असतानाच तिघींना घेऊन गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून एक फेरी मारा. परत येऊन बघा. गोळा भाकरीसारखा पातळ झाला असेल तर काम पुन्हा करा. बोटभर जाड राहिला असेल तर झालं. आणि कणकेचं काम आटोपल्यावर पाटेही बघा. पन्नास वर्षांत पाटे बसतात, मग एक्सल आणि पाइपमधलं अंतर मुळातच कमी होतं. तसं असेल तर पाटेवाल्याकडून कमान भरून घ्या, पाइपला दोष देऊ नका.

वेल्डिंगला विरोध माझा हट्ट नाही. पेट्रोलची टाकी मागेच आहे, ठिणगी तिथे नको. शिवाय पुढच्या वेळी सायलेन्सर गेला तर वेल्ड केलेला जोड कापावा लागेल आणि दोन्ही वस्तू जातील. क्लॅम्प लावताना मधे एक्झॉस्टची पेस्ट लावा. गाडी गरम झाल्यावर नट पुन्हा एकदा आवळा. चालू गाडीच्या पाइपाच्या तोंडाशी जाड फडकं धरलं की जोडातून फुस्स ऐकू येतं, तेवढं तपासा. पाइपाचं तोंड बॉडीच्या बाहेर निघालेलं हवं आणि डिकीचं रबर शाबूत. नाहीतर धूर आत येतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मुळात पाइप गळला कशाने, हे तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपात पाइपात येतं. फुटाळ्याच्या फेरीत पाइप नीट तापतच नाही, पाणी आतच बसतं आणि गंज आतून लागतो. महिन्यातून एकदा अमरावती रोडने बाजारगावपर्यंत जाऊन या.

प्रश्न : जुन्या गाडीला स्टेनलेसचा पाइप लावू का? दुकानदार चुंबक लावून दाखवतो, चिकटला नाही तर अस्सल म्हणतो.
– एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : ३०४ जातीच्या स्टेनलेसला चुंबक धरत नाही, पण वाकवलेल्या जागी तीही थोडी धरते. ४०९ जातही स्टेनलेसच, चुंबक मात्र ती धरते, आणि एक्झॉस्टमध्ये ती सर्रास वापरतात, वरून तपकिरी झाली तरी. तेव्हा चुंबकावर जाऊ नका, बिलावर जात लिहून घ्या. गाडी महिन्यातून दोनदाच निघत असेल तर ३०४ला पैसे टाका. रोज पळत असेल तर साधा लोखंडी पाइपही बरीच वर्षं काढतो.