वटवाघळांच्या गुहेत जाऊन आल्यावर बारा दिवसांनी ताप आणि कोरडा खोकला सुरू झाला, तर त्याचा गुहेशी संबंध असू शकतो का?

असू शकतो. तुम्ही लिहिलंय की तिघं जण तासभर आत होता, वटवाघूळ कुणाला चावलं नाही की कुणाला त्याचा स्पर्शही झाला नाही, आणि आता दोघं आजारी आहात. गुहेचं डॉक्टरांना सांगितलंत का, ते मात्र लिहिलेलं नाही. सांगितलं नसेल तर आधी त्यांना फोन करा, बाकीचं नंतर वाचा.

मला हिस्टोप्लाझ्मोसिस, म्हणजे अशा गुहेतल्या धुळीतल्या बुरशीने होणारा फुफ्फुसाचा आजार, होऊन गेलाय, म्हणून एवढ्या कळकळीने सांगतेय. आमची गुहा कोरडी होती. एके ठिकाणी छत इतकं खाली आलं होतं की कोपरांवर सरपटत जावं लागलं. पुढच्या मैत्रिणीच्या बुटांनी उडालेली तपकिरी धूळ हेडटॉर्चच्या झोतात नुसती तरंगत होती, खाली बसायचं नावच घेत नव्हती. नाकाला रुमाल बांधलाय म्हणून मी निर्धास्त होते. त्याचा काही उपयोग नव्हता.

हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वटवाघळांची विष्ठा मिसळलेल्या मातीत जोमाने वाढते. तिचे बारीक बीजाणू साधारण 2 ते 5 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. श्वासावाटे ते थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. मातीत धाग्यांसारखी वाढणारी ही बुरशी शरीराच्या 37 अंशांच्या उबेत यीस्टचं रूप घेते, आणि तिला गिळून संपवायला आलेल्या पेशींच्याच आत वाढत राहते. साधारण 3 ते 17 दिवसांनी ताप, कोरडा खोकला, छातीत दुखणं आणि प्रचंड थकवा सुरू होतो. तुमचे बारा दिवस यात अगदी बसतात.

अडचण अशी की हा आजार फ्लूसारखा, न्यूमोनियासारखा आणि टीबीसारखा दिसतो. 1905 मध्ये पनामा कालव्याचं काम चालू असताना सॅम्युअल डार्लिंग या डॉक्टरांनी शवविच्छेदनात तो पहिल्यांदा पाहिला, तेव्हाही त्या रुग्णाची फुफ्फुसं टीबी झाल्यासारखीच दिसत होती. माझ्या एक्स-रेत दोन्ही बाजूंना ठिपके आणि सुजलेल्या गाठी होत्या, आणि तीन आठवडे टीबीचीच चर्चा चालली. मग दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "गेल्या महिन्याभरात कुठे कुठे गेला होतात?" त्या एका प्रश्नाने दिशा बदलली. मी स्वतःहून सांगितलं असतं तर ते तीन आठवडे वाचले असते.

सुरुवातीच्या दिवसांत लघवीतल्या आणि रक्तातल्या अँटिजेनची, म्हणजे बुरशीच्याच अंशांची, तपासणी जास्त उपयोगी पडते. अँटिबॉडी, म्हणजे बुरशीविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं, तयार व्हायला काही आठवडे लागतात, त्यामुळे ती तपासणी आत्ता निगेटिव्ह आली तरी हा आजार नाही असं धरून चालू नका. सौम्य आजार बहुतेकांचा औषधाशिवाय बरा होतो. महिनाभर रेंगाळला तर सहसा इट्राकोनॅझोल हे बुरशी मारणारं औषध देतात, धाप लागण्याइतका वाढला तर अॅम्फोटेरिसिन बी. साध्या अँटिबायोटिकने बुरशी मरत नाही. आणि निदान होण्याआधी नुसत्या सुजेवर म्हणून स्टिरॉइड सुरू करू नका, त्याने ती अंगभर पसरू शकते.

हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे घरच्यांची काळजी नको.

वटवाघळांवर मात्र राग काढू नका. त्यांना धुराने हुसकावलं तरी मातीतली बुरशी वर्षानुवर्षं तिथेच राहते, आणि त्या झटापटीत धूळ उडते ती वेगळीच. युगांडाच्या जंगलात अभ्याससहलीला गेलेले विद्यार्थी तर वटवाघळं राहत असलेल्या एका पोकळ झाडात शिरून आजारी पडले होते. पुन्हा जाल तेव्हा चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95 मास्क लावा आणि कोरड्या धुळीत सरपटणं टाळा.

तुमच्या तिसऱ्या मित्राला अजून काहीच होत नाहीये. लागण होऊनही लक्षणं न दिसणारे पुष्कळ असतात, तेव्हा बहुधा काळजीचं कारण नाही. पण तो सांधेदुखीसाठी किंवा इतर कशासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत असेल, किंवा त्याला एचआयव्ही असेल, तर लक्षणांची वाट न बघता त्यालाही आजच डॉक्टरांकडे पाठवा.