ग्रामीण भागाचा आर्थिक आराखडा स्थानिक बलस्थानांवर उभा करायचा, तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्रामीण भागासाठी आर्थिक आराखडा करायचाय, बैठकीत जो तो ‘आपल्या बलस्थानांवर भर द्या’ म्हणतो. पण ती ओळखायची कशी? आणि त्यापेक्षा सरळ एखादा मोठा कारखाना का आणू नये?

बलस्थानांची यादी जरूर करा, पण तिच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. अशा बैठकांना मी बऱ्याचदा बसलोय. फळ्यावर दर वेळी तेच येतं: निसर्गसौंदर्य, कष्टाळू माणसं, सुपीक जमीन, समृद्ध परंपरा. वरचं नाव झाकलं तर यादी कुठल्या भागाची आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. माझी रीत सोपी आहे. जी ओळ शेजारच्या भागाला जशीच्या तशी चिकटते, ती खोडायची. दोन-तीन ओळी उरल्या तरी पुष्कळ झालं.

बरं, उरलेल्या ओळीही अजून कच्चा मालच असतात. जपानमधल्या कामिकात्सुचं बघा. शिकोकू बेटावरचं डोंगरातलं छोटं गाव. १९८१ च्या कडाक्याच्या थंडीत तिथल्या संत्र्यांच्या बागा गोठून गेल्या. तिथे शेती सल्लागार म्हणून आलेले तोमोजी योकोइशी पर्याय शोधत होते. ओसाकाच्या एका सुशीच्या दुकानात त्यांना शेजारच्या टेबलावरची मुलगी दिसली. ताटात सजावटीला ठेवलेलं मेपलचं लाल पान ती रुमालात गुंडाळून घेत होती. अशी पानं गावात तर ढिगाने होती.

इथे बहुतेक आराखडे थांबतात: सापडलं बलस्थान, पानं! पण जपानच्या डोंगरांत पानं कुठे नाहीत? १९८६ मध्ये चार बायकांना घेऊन काम सुरू झालं, तेव्हा पहिला माल धड उठलाच नाही. योकोइशी पदरमोड करून महागड्या हॉटेलांत जेवायला गेले, तेव्हा खरी मेख कळली. पान भांड्याच्या मापाचं लागतं. पाकिटातली सगळी पानं एकसारखी लागतात. आणि ती हंगामाच्या थोडी आधी लागतात, कारण येणाऱ्या ऋतूची चाहूल ताटात दिसायला हवी असते. कुठल्या झाडाला कधी रंग चढतो हे जन्मभर बघितलेल्या आज्यांचं ज्ञान मग कामाला आलं. मागणीची खबर आधी फॅक्सवर यायची, पुढे संगणकावर यायला लागली. विक्रीत आपला नंबर कितवा हेही तिथे दिसतं, त्यामुळे सत्तरी-ऐंशीच्या बायकांत चांगलीच चुरस असते. वर्षाची उलाढाल २० कोटी येनांच्या वर गेली.

म्हणजे पान, पान ओळखणारी आजी आणि तेच पान हवं असलेला आचारी ही साखळी जुळली, तेव्हा कुठे ते बलस्थान झालं. तुमच्या उरलेल्या प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने काढा: हे कोणाला येतं, आणि हे कोणाला हवंय. दुसऱ्या रकान्यात ‘बाजारपेठ’ असं मोघम लिहिलं असेल तर तो रिकामाच समजा.

एक कबुलीही देतो. एवढं होऊनही कामिकात्सुची लोकसंख्या घटतच राहिली, आता ती दीड हजाराच्या खाली आहे. म्हाताऱ्यांना काम, पैसा आणि मान मिळाला, पण तरुणांचं जाणं थांबलं नाही. म्हणून आराखड्यातून नेमकं काय हवंय, उत्पन्न की माणसं टिकणं, हे आधीच ठरवा.

आकड्यांकडे वळायचं तर ‘लोकेशन कोशंट’ काढा, म्हणजे एखाद्या उद्योगातला तुमच्या भागाचा वाटा देशाच्या वाट्याच्या किती पट आहे ते. समजा एका उद्योगात तुमच्या भागातले १२ टक्के कामकरी आहेत आणि देशात ३ टक्के, तर गुणोत्तर ४ येतं. १ च्या बरंच वर म्हणजे तिथे काहीतरी साचलेलं कसब आहे. पण जपून. ग्रामीण भागात शेतीचं गुणोत्तर बहुधा जास्तच निघणार, त्यात शोध काही नाही. शिवाय सगळी अंडी एका टोपलीत असली तरी आकडा मोठाच दिसतो.

माझ्या लेखी याहून महत्त्वाची आहे गळती, म्हणजे आलेला पैसा भागाबाहेर निघून जाणं. भागात आलेल्या १०० रुपयांपैकी ८० पुन्हा तिथेच खर्च झाले, त्यातले ८० टक्के पुन्हा तिथेच, असं चालत राहिलं तर एकूण ५०० ची उलाढाल होते. २० टक्केच राहिले तर १२५ वर खेळ संपतो. तेव्हा नवीन पैसा आणण्याआधी शाळा, दवाखाना, पंचायत दर महिन्याला बाहेरून काय काय विकत घेतात ती बिलं बघा. कंटाळवाणं काम आहे, पण पहिला ठरलेला गिऱ्हाईक बऱ्याचदा तिथेच सापडतो.

आराखडा कोणाचा, हाही प्रश्न आहेच. जपानच्या ओइता प्रांतातल्या ओयामा गावात सपाट जमीन कमी. सरकारचा जोर भातावर असताना १९६१ मध्ये गावाने ‘आलुबुखार आणि चेस्टनट लावा, हवाई बेटांवर जा’ अशी घोषणा देऊन वेगळी वाट धरली. त्यावरूनच ओइता प्रांताचे गव्हर्नर मोरिहिको हिरामात्सु यांनी १९७९ मध्ये ‘एक गाव, एक उत्पादन’ मोहीम काढली. त्यात उत्पादन गावाने निवडायचं होतं. प्रांत रोख अनुदान वाटत नव्हता, प्रशिक्षण आणि विक्रीला मदत करत होता. पुढे ही कल्पना बऱ्याच देशांनी उचलली. माझ्या मते उत्पादन वरून ठरवून गावावर लादलं की तिच्यातला जीवच जातो. युरोपीय समुदायाने (आताच्या युरोपीय संघाने) १९९१ मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण विकासाच्या ‘लीडर’ कार्यक्रमात स्थानिक गट असतात आणि निर्णय कुठल्याही एका हितसंबंधी गटाच्या, अगदी सरकारी यंत्रणेच्याही, ताब्यात जाऊ नये असा नियम आहे. तुमच्या समितीत कोण किती खुर्च्यांवर बसलंय ते एकदा मोजा.

राहिला कारखाना. येत असेल तर येऊ द्या, दारातून परत पाठवू नका. पण जमीन आणि करसवलत देण्याआधी त्याच्याकडून लेखी घ्या की पहिल्या तीन वर्षांत कुठला माल, कुठली दुरुस्ती, कुठली वाहतूक तो इथून घेणार, आणि त्यासाठी इथल्या लोकांना शिकवणार कोण. उत्तर ‘नंतर बघू’ असं आलं, तर आपणही सवलतीचं नंतर बघू म्हणावं.