फिल्म-टीव्हीच्या एमएसाठी ब्रिटनला निघताना ऐरोलीतून काय गोळा करून न्यावं

तुमचे प्रश्न दोन. ब्रिटनमधलं फिल्म आणि टेलिव्हिजन स्टडीजचं एक वर्षाचं एमए सप्टेंबरात सुरू होतंय, तोवर कोणती थिअरी वाचून जावी? आणि ऐरोलीच्या घरात आई स्वयंपाकघरातून मालिका ‘ऐकते’ त्यावर दहा मिनिटांची फिल्म करायची आहे, ती अभ्यासक्रमात बसेल का? मला दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो, म्हणून तयारीही त्याच्यापासून सुरू करा असं सांगेन.

पुस्तकांचं ओझं नेऊ नका. थिअरीची पुस्तकं तिथल्या विद्यापीठाच्या लायब्ररीत मिळतातच, बरीचशी खोलीत बसून लॉगिन करून वाचता येतात. लंडनमध्ये साउथबँकला बीएफआयची (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटची) रूबेन लायब्ररी आहे, तिथे तर कोणीही जाऊन फुकट बसू शकतं. तिथे मिळणार नाही ती गोष्ट म्हणजे ऐरोलीत रात्री आठ वाजता केबलवर नेमकं काय लागतं आणि घरात ते कसं पाहिलं जातं. मालिकेचे भाग अ‍ॅपवर मिळतील, पण त्यांच्या मधल्या जाहिराती, उद्याच्या भागाची झलक, पडद्याच्या तळाशी सरकणारी दुसऱ्या मालिकेची पट्टी, हे सगळं अ‍ॅपवर गळून जातं. टेलिव्हिजनच्या अभ्यासात अर्धा जीव तिथेच असतो.

हे मी उगाच म्हणत नाही. रेमंड विल्यम्स हा वेल्समध्ये जन्मलेला अभ्यासक जहाजाने आठवडाभर प्रवास करून अमेरिकेत पोचला. मायामीत एका रात्री टीव्हीवर सिनेमा बघताना मध्येच जाहिराती आणि पुढे लागणाऱ्या दुसऱ्या सिनेमांची दृश्यं अशी मिसळून येऊ लागली, की कुठलं कशात आहे हेच त्याला कळेना. त्या अनुभवातून त्याने ‘फ्लो’, म्हणजे प्रवाह, ही कल्पना मांडली. टीव्हीचं एकक सुटा कार्यक्रम नसून सलग वाहणारी संध्याकाळ आहे, असं त्याचं १९७४च्या पुस्तकातलं म्हणणं. मुद्दा पटवायला त्याने काय केलं ते बघण्यासारखं आहे: वाहिन्यांवर एकामागोमाग काय आलं याच्या नोंदी छापल्या, आधी लांबून आणि मग अगदी जवळून. तुम्हाला नेमकं तेच करायचंय, निघण्याआधी.

निदान दोन संध्याकाळी नोंदवा, एक मधल्या वारची आणि एक रविवारची, साडेसात ते साडेनऊ. फोन स्टँडवर लावून टीव्हीचा पडदा रेकॉर्ड करा (स्वतःच्या अभ्यासापुरता, कुठेही टाकायचा नाही) आणि नंतर शांतपणे तक्ता भरा: घड्याळातली वेळ, काय चाललंय, किती सेकंद, पडद्यावर पट्टी किंवा चौकट आली का, आवाज अचानक चढला का. रिमोट कोणी हातात घेऊन वाहिनी बदलली तर तेही लिहा. पुष्कळ जण जाहिराती ‘कामाच्या नाहीत’ म्हणून गाळतात आणि तक्ता निरुपयोगी करून ठेवतात.

दुसरी सवय शॉटची नोंद. तीन मिनिटांचा एक प्रसंग निवडा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ दाबलं की चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं, कट नेमका कुठे आहे ते त्यात सापडतं. रकाने एवढे पुरेत: शॉट क्रमांक, सुरुवातीचा टाइमकोड (व्हिडिओतली नेमकी वेळ), लांबी, आकार (क्लोजअप, मिड, लाँग), कॅमेरा हलतो का, फ्रेममध्ये कोण कोणाकडे बघतंय, ऐकू काय येतं. शेवटचे दोन रकाने लोक घाईत रिकामे सोडतात, आणि थिअरी नेमकी तिथेच कामाला येते. पहिल्यांदा अशा प्रसंगाला तीन-चार तास लागतील. लागू द्या.

शॉटच्या सरासरी लांबीपासून मात्र सावध राहा. १८० सेकंदांत ३६ शॉट असतील तर सरासरी ५ सेकंद येते. पण त्यातला एकच शॉट ७५ सेकंदांचा असेल, तर उरलेल्या ३५ शॉटना मिळून १०५ सेकंद उरतात, म्हणजे प्रत्येकी ३. प्रसंगात ५ सेकंदांचा शॉट कदाचित एकही नसेल! म्हणून सरासरीसोबत मध्यक (लांबीच्या क्रमाने लावल्यावर अगदी मधली लांबी) द्या आणि सर्वांत लांब शॉट वेगळा सांगा. तो लांब शॉट कुठे आणि का ठेवलाय यावरच बहुतेक वेळा लिहिण्यासारखं असतं.

आता थिअरी. नोंदी आधी, थिअरी नंतर, हा क्रम मोडला की निबंध ‘या दृश्यात मेल गेझ (पुरुषी नजर) दिसतो’ अशा शिक्क्यांनी भरतो. परीक्षक त्यावर समासात एकच शब्द लिहितो, ‘कसा?’

तुमच्याच विषयावर घेऊ. घरातल्या कोणीतरी एक वाक्य टाकलं, धप्पकन आवाज आला, आणि कॅमेरा सासू, जाऊ, नणंद, नायिका अशा सगळ्यांच्या चेहऱ्यांवर एकेक करून जातो. शॉट मोजले तर बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यांचे जास्त भरतील. इथे जॉन एलिस हा टीव्हीचा अभ्यासक कामाला येतो. त्याने १९८२मध्ये असा भेद केला: सिनेमागृहात माणूस टक लावून बघतो, घरात टीव्हीकडे ओझरतं बघतो, म्हणून टीव्हीवर अर्थ धरून ठेवण्याचं काम आवाजाकडे जास्त येतं. हे तुमच्या ओट्यापाशी तपासा. कुकरची शिट्टी चालू असताना संवाद बुडतो, पण पात्रं एकमेकांना पुन्हा पुन्हा नावाने किंवा नात्याने हाक मारतात, घडलेली गोष्ट दोन-दोनदा सांगतात, त्यामुळे धागा तुटत नाही. आणि तो धप्पकन आवाज आला की कणकेचे हात तसेच ठेवून आई दारात येते, दोन-तीन चेहरे बघते, परत जाते. तो आवाज तिला बोलावतोय. आवाज सुरू झाल्यापासून ती दारात पोचेपर्यंत किती सेकंद जातात आणि तोवर मालिका चेहऱ्यांवर थांबलेली असते का, हे मोजता आलं तर तुमच्याकडे एक खराखुरा शोधप्रश्न आहे. एलिस तिथे अपुरा पडला तर फारच उत्तम. तीच मालिका ठाणे-वाशी लोकलमध्ये हेडफोन लावून बघणाऱ्या मुलीला त्याची ‘ओझरती नजर’ लागू पडते का, हे विचारायला तुमच्याइतक्या सोयीच्या जागी तिथल्या वर्गात कोणी नसेल.

देवघराच्या शॉटकडेही असंच बघा. मूर्ती समोरून, नायिका समोरून, पुन्हा मूर्ती. पाश्चात्त्य पुस्तकं याला नुसता शॉट-रिव्हर्स शॉट (समोरासमोरच्या दोघांना आळीपाळीने दाखवणं) म्हणून मोकळी होतील. आपल्याकडे आशिष राजाध्यक्ष, गीता कपूर, माधव प्रसाद या अभ्यासकांनी समोरासमोरपणा आणि ‘दर्शन’ यावर नेटाने लिहिलंय. गीता कपूर यांचं लेखन तर प्रभातच्या ‘संत तुकाराम’वर (१९३६) आहे. दर्शनात पाहणं दोन्ही बाजूंनी असतं, देवही भक्ताला बघतो. हे वाचन तुमच्या यादीत पहिल्या आठवड्यापासून हवं, कारण विद्यापीठाच्या वाचनयादीत ते असेलच असं नाही आणि सुपरवायझरला ते तुम्हीच दाखवावं लागेल.

‘मेल गेझ’ची कल्पना मांडणारी लॉरा मल्व्ही (१९७५) वाचाल तेव्हा शिक्का उचलू नका, यंत्र उचला. तिच्या मांडणीत तीन नजरा आहेत: कॅमेऱ्याची, प्रेक्षकाची आणि पात्रांची एकमेकांकडची. रूढ सिनेमा पहिल्या दोन लपवतो, त्यामुळे आपण अंधारात सुरक्षित बसून बघतो. हे यंत्र ‘फँड्री’च्या (२०१३) शेवटाला लावून बघा. जब्या हा दलित मुलगा आणि त्याच्या घरच्यांची डुक्कर पकडण्याची ती लांबलेली धावपळ गावातली पोरं खेळ बघावा तशी बघतात, हसतात. आपणही तेच बघत असतो. मग जब्याचा दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो आणि पडदा काळा होतो. लपलेली प्रेक्षकाची नजर, म्हणजे आपली, त्या एका शॉटमध्ये उघडी पडते. मल्व्ही स्त्री-पुरुषांबद्दल बोलत होती, इथे नजर जातीची आहे. यंत्र चालतं, पण काय बदलावं लागलं हे लिहिणं म्हणजेच थिअरी वापरणं. निबंधात टाइमकोड द्या आणि संवाद मराठीतच उद्धृत करून खाली ‘अनुवाद माझा’ लिहा. सबटायटल उचलू नका, त्यात बोलीचा गंध उरत नाही.

फिल्मकडे येतो. तिथे एमएचे १८० क्रेडिट असतात, त्यातले शेवटच्या प्रकल्पाचे साधारण ६०, आणि एका क्रेडिटला १० तास धरतात, म्हणजे ६०० तासांचं काम. काही विद्यापीठांत तो प्रकल्प फिल्म अधिक लेखी विवेचन असा देता येतो, काही ठिकाणी फक्त प्रबंध. हे माहितीपत्रकाच्या गोड शब्दांवरून ठरवू नका. ऑफर स्वीकारण्याआधी ईमेल करून विचारा: प्रॅक्टिस प्रकल्प (म्हणजे फिल्म करण्याचा) सगळ्यांना खुला आहे की निवडीने, फिल्म आणि लेखनाला गुण कसे वाटले जातात, कॅमेरा विभागाकडून मिळतो का.

सगळ्यात मोठा खड्डा नैतिक मंजुरीचा आहे. संशोधनात जिवंत माणसं आली, मग ती सख्खी आई का असेना, की एथिक्स कमिटीची मंजुरी, माहितीपत्र आणि सहीचं संमतीपत्र लागतं, आणि मंजुरी मागाहून मिळत नाही. तेव्हा आईची मुलाखत आत्ता उरकून नेली तर ती प्रकल्पात वापरता येणार नाही, अशीच शक्यता जास्त. आत्ता जागा आणि आवाज घ्या: रिकामं स्वयंपाकघर, दारातून दिसणारा टीव्हीचा तुकडा, फोडणी, मिक्सर, खालचा भाजीवाला. प्रत्येक खोलीचा कोणी न बोलता मिनिटभर आवाज वेगळा टिपा, एडिटमध्ये सांधे झाकायला त्याच्याशिवाय पर्याय नसतो. आईवरची नोंद वहीत राहू द्या. मंजुरी मिळाल्यावर सुट्टीत येऊन शूट करा, आणि संमतीपत्र मराठीत करा, तिला वाचता आलं पाहिजे.

फोनची सेटिंग आजच बदला. भारत आणि ब्रिटन दोन्हीकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद. फोन मुळात ३० फ्रेमवर असतो, आणि ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकतात ते त्यामुळेच. (कोणी अमेरिकेला निघालं असेल तर तिथे ६० हर्ट्झ, हिशेब वेगळा.) फोन फ्रेमची गती स्वतःहून कमी-जास्त करतात, मग लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे होतात. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून फाइल कॉन्स्टंट फ्रेम रेटवर (एकाच ठरलेल्या गतीने) काढा आणि मगच एडिटला घ्या. आवाज वेगळा घेत असाल तर ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. १०८०पी व्हिडिओला मिनिटाला सुमारे १३० एमबी धरलं तर दहा तासांचे ७८ जीबी होतात. दोन डिस्क घ्या, एक हातातल्या बॅगेत, एक ऐरोलीला.

दुसऱ्याच्या मालिकेचे तुकडे फिल्ममध्ये वापरणार असाल तर ब्रिटनच्या १९८८च्या कायद्यातलं कलम ३० टीका आणि उद्धरणासाठी मुभा देतं. तुकडा आधीच प्रसिद्ध झालेला, गरजेपुरताच आणि श्रेय देऊन हवा. नुसता मूड म्हणून मागे लावलेलं शीर्षकगीत त्यात बसत नाही. तुमच्या फिल्ममध्ये टीव्ही पाठीमागे चालूच असणार, तेव्हा कुठला आवाज विश्लेषणासाठी आहे आणि कुठला सजावटीसाठी, हे टाइमलाइनवरच वेगळ्या ट्रॅकवर ठेवा.

व्हिसाचं थोडक्यात. क्षयाची तपासणी लागते. खात्यातले पैसे सलग २८ दिवस दाखवावे लागतात, आणि त्या २८ दिवसांत शिल्लक एकदा जरी खाली गेली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पदवीनंतर राहण्याचा ग्रॅज्युएट व्हिसा १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच मिळतो, त्यामुळे कर्जाचा हप्ता दोन वर्षांच्या पगारावर बसवू नका.

आपल्या क्षेत्रातल्यांना नडणारी अट वेगळीच आहे. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी चालते, पण स्वतंत्र व्यवसाय अजिबात नाही. लग्नाचा व्हिडिओ पैसे घेऊन एडिट करणं, फ्रीलान्स कॅमेरा, यूट्यूब चॅनेलच्या जाहिरातींचं उत्पन्न, हे सगळं त्यात मोडतं. ठाण्यातल्या ओळखीच्या प्रॉडक्शनचं काम तिथल्या खोलीत बसून केलं आणि पैसे इथल्या खात्यात आले, तरी ते काम ब्रिटनमध्येच झालेलं धरतात. घोडबंदरच्या सेटवर एडिटला हात लावलेला असेल तर असे फोन येणारच. निघण्याआधी त्या सगळ्यांना वर्षभर नाही म्हणून सांगून ठेवा.